‘औषध आहे’ म्हणजे नेमके कुठे आहे?

आजचा विषय क्षयरोगावरच्या नव्या औषधांचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. ‘टीबीवर औषध आहे’ हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. त्यातल्या ‘आहे’चा अर्थ काय, एवढाच आमचा प्रश्न.

आपल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या डोळ्यांसमोर आणा. दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे झाले सहा-सात महिने. आणि साध्या टीबीचा उपचारही सहाच महिन्यांचा! गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, अंगात बळ येते, मुकादमाकडचे पैसे फेडायचे असतात. मग गोळ्या सुटतात. याला निष्काळजीपणा म्हणणे फार सोपे आहे. आधी विचारू या, हे सहा महिने आले कुठून?

स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष १९४८ साली आले. रुग्ण झपाट्याने सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. कारण समजून घ्या. आजारी फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांत आयसोनियाझिडला न जुमानणारा दहा लाखांत एखादा, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एखादा, औषध घेण्याआधीपासूनच असतो. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि नेमका तोच वाढतो. दोन्ही औषधे एकदम दिली तर दोहोंतून सुटणारा जंतू कोटीच्या कोटीपटीत एखादाच. इतके जंतू माणसाच्या शरीरात नसतातच. म्हणून टीबीला एकट्या औषधाने भागत नाही.

आणि वेळ? हा जंतू मुळात संथ. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यातले काही तर झोपी गेल्यासारखे पडून राहतात. बहुतेक औषधे वाढत्या जंतूला मारतात. झोपलेल्यांसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. नव्या औषधाचा शोध म्हणजे बऱ्याच अंशी हा वेळ कमी करण्याचा शोध आहे.

रिफाम्पिसिननंतर चाळीसहून अधिक वर्षे टीबीसाठी नव्या जातीचे औषध आले नाही. हा गरिबांचा आजार. त्यात नफा कोणाला दिसणार? मग बेल्जियममध्ये कोएन अँड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७०,००० संयुगे तपासली. तीही टीबीच्या जंतूवर नव्हे, तर त्याच्या एका निरुपद्रवी, भराभर वाढणाऱ्या भाऊबंदावर. त्यातून बेडाक्विलिन निघाले. जंतू ज्या यंत्रणेतून स्वतःची ऊर्जा तयार करतो, ती यंत्रणाच ते बंद पाडते. ऊर्जा झोपलेल्यालाही लागतेच, त्यामुळे तोही मरतो. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले, अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये.

म्हणजे औषध ‘आहे’ झाले का? भारतात ते २०१६ साली आले, पण मोजक्याच केंद्रांवर. पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीत ते मिळेना, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. वडील उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०१७ मध्ये ते मिळाले. आता सांगा, रहिवासाचा कागद मागणारे औषध भट्टीवरच्या माणसापर्यंत कसे पोचायचे?

दुसरी अडचण पेटंटची. जुन्या उपचारात औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी दीड-दोन वर्षे गोळ्या आणि कित्येक महिने रोज इंजेक्शन असे. त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी टीबीच्या उपचारात ऐकू येणे गमावले. बेडाक्विलिनच्या एका क्षारावर कंपनी आणखी पेटंट मागत होती. ते मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या दोघींनी २०१९ साली हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि जुलैमध्ये मूळ पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली.

आज बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा, इंजेक्शनाशिवायचा उपचार आहे. दोन वर्षांचे काम सहा महिन्यांवर आले. केंद्र सरकारने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू आताच दिसू लागले आहेत. अर्धवट सुटलेला प्रत्येक उपचार पुढच्या रुग्णाच्या औषधातला वाटा खातो. औषध हे पाणवठ्यासारखे आहे, ते सगळ्यांनी मिळून राखावे लागते.

रसायनी आणि पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा आपल्या शेजारीच आहे. तिथे रसायने बनतात, औषधे बनतात. तिथून कातकरी वाडी फार लांब नाही. तरी ‘आहे’ या शब्दाला हे अंतर कापायला वर्षे लागतात. ते कमी करण्याचे दोन मार्ग आपल्याला दिसतात. शास्त्रज्ञांनी उपचार आखूड करावा. साध्या टीबीसाठी चार महिन्यांचा उपचार चाचणीत उतरल्याचे २०२१ सालीच जाहीर झाले आहे. आणि तोवर गोळ्यांनी माणसामागे भट्टीपर्यंत जावे. उचल देणाऱ्याला माणूस कुठल्या भट्टीवर आहे हे पक्के ठाऊक असते. मग ते आरोग्य केंद्राला का ठाऊक नसावे? हा प्रश्न आपण आपल्या ग्रामसभेत विचारू शकतो, आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.