चौरागड अवघड की नागद्वार?

महाशिवरात्रीला चौरागड, नागपंचमीला नागद्वार. पचमढीच्या या दोन्ही यात्रांना नागपुरातून लोंढे निघतात. यात अवघड कोणती?

चौरागडाचा माथा 1300 मीटरहून उंच. शेवटच्या टप्प्यात 1300च्या आसपास पायऱ्या, त्यात नवसाचा लोखंडी त्रिशूळ खांद्यावर. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात, उतरताना गुडघे बोलू लागतात. पण पाऊल कुठे टाकायचं याचा विचार करावा लागत नाही. वाट एकच, तीही बांधलेली.

नागद्वारचं गणित वेगळं. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ही वाट वर्षात मोजकेच दिवस उघडते, तीही ऐन पावसाळ्यात. धूपगडाच्या बाजूने दरीत उतरायचं, काजरी गाव, पद्मशेष गुहा करत पुन्हा डोंगर चढायचा. जाऊन-येऊन सुमारे 15 किलोमीटर. शेवाळलेले दगड, चिखल, फुगलेले नाले, धुकं. खड्या कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या असतात. हात ओले, शिडीच्या पायऱ्या ओल्या, आणि मागे रांग खोळंबलेली, अशा वेळी दम नव्हे, तोल महत्त्वाचा.

स्विस आल्पाइन क्लब पायवाटांना टी1 ते टी6 अशी श्रेणी देतो, ती मुख्यतः पायाखालची जमीन आणि पडण्याचा धोका पाहून. केवळ लांबी पाहून नव्हे. त्या नजरेने नागद्वार निःसंशय वरचढ.

दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला मात्र चौरागडही सोपा नाही. नागद्वारला पकड असलेले बूट घालावेत, आणि मुक्कामी विदर्भातल्या मंडळांच्या भंडाऱ्यात पोटभर जेवावं.