पोत्यातले नत्र मुळाशी पोचते का?



ऊस हे गवताच्याच कुळातले पीक. म्हणून आयर्लंडमधल्या कुरणांवर नत्र खतांचे जे प्रयोग झाले, ते आपणही समजून घ्यावेत.

युरियात नत्र 46 टक्के, तर 'कॅन' म्हणजे कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये 27 टक्के. पण युरिया उघड्यावर राहिला की मातीतले 'युरिएज' विकर त्याचा अमोनिया करते. ओल असून वर पाऊस पडला नाही, ऊन-वारा लागला, की तो हवेत उडतो. कॅनमध्ये हा तोटा फार कमी. पण त्यातले निम्मे नत्र नायट्रेटचे. पाणथळ जमिनीत हवा खेळत नाही, तिथे जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड वायू करतात.

यावर तिथल्या टीगास्क या कृषी संशोधन संस्थेने युरियाला 'एनबीपीटी' लावून पाहिले. त्याने युरिएज काही दिवस मंदावते, तेवढ्यात पावसाने युरिया मातीत उतरतो. गवत कॅनइतकेच वाढले आणि नायट्रस ऑक्साइड कॅनपेक्षा 71 टक्के कमी निघाला.

आपल्याकडे 2015 पासून युरिया निंबोळी तेल लावलेला येतो. पण हे तेल अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते. उघड्यावरचा अमोनिया उडायचा तो उडतोच. तेव्हा युरिया नुसता फेकू नका. लागणीत चळी घेऊन मातीआड करा, खोडव्यात बुडख्याशेजारी पहारीने भोक पाडून द्या, आणि मगच बेताचे पाणी सोडा.

पैसे पोत्याचे मोजलेत. नत्र वाऱ्याला कशाला द्यायचे?

— ऊस विकास अधिकारी