जुना लेथ घेताना

घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ बसवायचा विचार मनात आला की पहिली चौकशी किमतीची होते. ती करावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. यंत्राचा भाव दलाल सांगतो किंवा भंगारवाला सांगतो. अचूकता मात्र कोणी विकत देत नाही. ती लेथ बसवणाऱ्याला स्वतः मिळवावी लागते. म्हणून हातातल्या पैशाचा आणि वेळेचा मोठा वाटा खरेदीनंतरच्या कामासाठी राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. जामखेडसारख्या गावात तर ते अधिकच पटते. इथून अहिल्यानगर सुमारे 75 किलोमीटर. ट्रॅक्टरची एखादी पिन किंवा पंपाचे एखादे बुश करून आणायचे म्हटले तर दिवस मोडतो, आणि काम असते तासाभराचे. घरचा लेथ हा दिवस वाचवतो. पण तो नीट बसलेला नसेल, तर बुश पुन्हा करावे लागते आणि वाचलेला दिवसही जातो.

बाजारात जुने लेथ बऱ्याच घराण्यांचे दिसतात. म्हैसूर किर्लोस्करने 1941 पासून हरिहरला लेथ बनवले, 1953 मध्ये स्थापन झालेल्या एचएमटीने बंगळुरूला. बटाला आणि राजकोटचे लेथ तर लहान वर्कशॉपांतून सर्रास आढळतात. पण नावापेक्षा बेड महत्त्वाचा. बहुतेक कामे आखूड असतात, त्यामुळे सॅडल वर्षानुवर्षे चकाजवळच फिरते आणि बेड तिथेच झिजतो. हे ओळखायला महागडे साधन लागत नाही. चकाजवळ सॅडलची ढिलाई काढून ती जेमतेम सरकेल इतकी घट्ट करावी आणि टेलस्टॉककडे न्यावी. वाटेत ती अडकली, तर चकाजवळचा बेड किती खाल्ला गेला आहे ते कळते. मग स्पिंडलला डायल गेज लावून चक लाकडी दांड्याने वर उचलून पाहावा. काटा किती हलतो त्यावरून बेअरिंगची अवस्था समजते. आटे पाडायचे बदली गिअर सोबत आहेत का, हे सौदा ठरण्यापूर्वी मोजून घ्यावे. लेथचा लीड स्क्रू इंची असेल आणि मिलिमीटरचे आटे हवे असतील, तर 127 दातांचा गिअर लागतो, कारण 25.4 मिलिमीटरच्या पाच इंचांचे बरोबर 127 मिलिमीटर होतात. नवा रंग पाहून मात्र भुलू नये. रंगाखाली झीज लपते.

खरे काम लेथ शेडमध्ये आल्यावर सुरू होते. ओतीव लोखंडाचा बेड कितीही भक्कम दिसला, तरी चार पाय एका पातळीत नसतील तर तो पिळला जातो. पिळलेल्या बेडवर दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक कापला जातो, आणि दोष मात्र टर्नरला लागतो. गवंड्याची लेव्हल इथे पुरत नाही, मीटरला 0.02 मिलिमीटरचा फरक दाखवणारी लेव्हल भाड्याने किंवा उसनी आणावी. जमीन काळी असेल, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे वरवरच्या फरशीवर भागत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदून काँक्रीट ओतावे. पहिल्या पावसाळ्यानंतर पातळी पुन्हा तपासावी. शेवटी जाड दांडा फक्त चकात धरून, टेलस्टॉक न लावता, त्यावर दोन जागी एकाच सेटिंगने बारीक काप घ्यावा आणि दोन्ही व्यास मोजावेत. ते जुळेपर्यंत पायांचे स्क्रू फिरवत राहावे.

विजेचा मुद्दा लगेच पुढे येतो. जुनी मोटर बहुधा तीन फेजची, घराची जोडणी एका फेजची. शेतीपंपाच्या तीन फेजवरून लेथ चालवण्याचा मोह होतो, पण शेतीची जोडणी दुसऱ्या कामाला वापरणे विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरते, आणि ती वीज मिळते तीही ठरावीक तासच. दोन-तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरला एका फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे एका फेजवरून तीन फेज देणारे साधन, पुरतो. फक्त मोटर डेल्टा जोडणीत घेता येते का, ते आधी जाणकाराकडून पाहून घ्यावे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक, छोटा नवा लेथ का घेऊ नये? नाजूक कामाला जरूर घ्यावा. पण पंपाच्या शाफ्टवर जाड काप घेताना हलके यंत्र थरथरते. जुन्या लोखंडाचे वजन तिथेच कामाला येते. दुसरा आक्षेप, गावात इतके बारकाईने काम करणारे हात कुठे? त्याचे उत्तर जामखेडातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर फूट बसवलेले कृत्रिम पाय तयार होतात. तो पाय मुळात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून घडवला. माणसाच्या पायाला नेमका बसणारा अवयव जिथे घडतो, तिथे लेथची पातळी साधणारे हात तयार होणार नाहीत, हे मानायला मी तयार नाही.

सुरक्षेला मात्र तडजोड नाही. जुन्या लेथवर पट्ट्याला झाकण नसते, तातडीने बंद करण्याचे बटण नसते. ही दोन्ही पहिल्याच दिवशी बसवावीत, आणि सैल बाह्या किंवा उपरणे घेऊन यंत्राजवळ जाऊ नये. आणि ज्याचा बेड चकाजवळ खोल खाल्ला गेला आहे, तो लेथ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बेड ग्राइंड करून घेण्याचा आणि शहरात नेण्या-आणण्याचा खर्च कित्येकदा यंत्राच्या किमतीहून जास्त होतो.