झाकली मूठ आणि पोकरमधील हूल

मांडवीच्या पात्रातील कॅसिनो जहाजांवर रुलेट किंवा ब्लॅकजॅक खेळणारा ग्राहक कॅसिनोविरुद्ध खेळत असतो. पोकरमध्ये मात्र खेळाडू एकमेकांविरुद्ध बसतात आणि कॅसिनो आपला हिस्सा कापून घेतो. त्यामुळे येथे हातातील पानांइतकेच महत्त्व समोरच्याच्या मनाला येते.

पाने कमकुवत असूनही भक्कम असल्याचा आव आणायचा, मोठी रक्कम लावायची आणि प्रतिस्पर्ध्याला पाने टाकून देण्यास भाग पाडायचे, याला ‘ब्लफ’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘हूल’ हा नेमका शब्द आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीचाच हा व्यवहार. फरक इतकाच की, येथे मूठ उघडून पाहण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

या हुलीमागे साधे गणित आहे. टेबलावर १००० रुपये जमले असताना कोणी ५०० रुपयांची हूल दिली, असे समजू. ती पचली तर १००० मिळतात, फसली तर ५०० जातात. म्हणजेच तीनपैकी एकदा पचली तरी नुकसान होत नाही. जो कधीच हूल देत नाही, त्याने पैसे लावताच इतर सावध होतात आणि त्याच्या उत्तम पानांनाही मोल मिळत नाही. जो सतत हूल देतो, तो लवकरच पकडला जातो. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात हूल हा योग्य खेळाचाच भाग असल्याचे गणिताने दाखवले.

चेहरा वाचण्याच्या कलेचा मात्र गवगवाच अधिक आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ चेहरा पाहून प्रेक्षकांना पानांचा अंदाज बांधता आला नाही. चिप्स पुढे सरकवणाऱ्या हातांच्या हालचालींवरून तो काही प्रमाणात बांधता आला. जानेवारी २०१७ मध्ये ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डावांच्या लढतीत हरवले. तिला ना चेहरा होता, ना हात. तरीही ती हूल देत होती. हूल पचते ती सुसंगतीमुळे. पहिल्यापासून ज्या पानांचा आभास निर्माण केला, त्याच्याशी शेवटची चाल जुळली पाहिजे.

मनाचा खरा कस लागतो तो हरल्यानंतर. द्यूतसभेत युधिष्ठिर प्रत्येक हारीनंतर पण वाढवत गेला. गेलेले परत मिळवण्याची ही ओढ पोकरमध्ये ‘टिल्ट’ म्हणून ओळखली जाते. अशा वेळी दिलेली हूल गणितातून नव्हे, रागातून येते आणि मुरलेला प्रतिस्पर्धी तिचीच वाट पाहत असतो.

गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरील खेळांना वाट मिळाली. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कौशल्याचा खेळ म्हणून पोकरची बाजू घेताना एक हिशेब विसरू नये: कॅसिनोचा हिस्सा वजा झाल्यावर टेबलावरील सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज तोट्याचीच असते. एखादा निपुण खेळाडू जिंकतो, तो शेजारच्यांच्या खिशातून. आपण त्या निपुणांपैकीच आहोत, ही स्वतःला दिलेली हूल सर्वांत महाग पडते.