खांद्याची कंडरा फाटली, पण स्नायूचं काय? एमआरआय रिपोर्टमधली दुर्लक्षित ओळ

अब्बांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय. आधी तेलाची मालिश झाली, मग शेक झाला, मग मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. "वय झालंय, चालायचंच," म्हणून विषय मागे पडला. शेवटी शर्टात हात घालणंही जमेना, तेव्हा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहून आलं : सुप्रास्पायनेटस कंडरा पूर्ण फाटलेली, फॅटी इन्फिल्ट्रेशन ग्रेड ३.

असं चित्र बऱ्याच घरांत दिसतं. सगळ्यांचं लक्ष पहिल्या अर्ध्या ओळीवर जातं. फाटलीय ना, मग शिवून टाका! पण शिवून उपयोग होईल की नाही, हे बऱ्याचदा दुसऱ्या अर्ध्या ओळीवर ठरतं.

दोरी आणि बैल

खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे आणि हात उचलायला, फिरवायला मदत करणारे चार स्नायू असतात. त्यांच्या कंडरा म्हणजे टेंडन हाडाला चिकटतात. या सगळ्याला मिळून रोटेटर कफ म्हणतात. जुन्या काळची विहिरीवरची मोट आठवा. कंडरा म्हणजे दोरी, स्नायू म्हणजे ती ओढणारा बैल. दोरी तुटली तर पुन्हा बांधता येते. पण बैलातच दम उरला नसेल, तर नवी दोरी काय करणार?

कंडरा तुटली की स्नायूवरचा ताण जातो. तो आत आखडतो, बारीक होतो आणि त्याच्या धाग्यांमध्ये चरबी भरू लागते. या चरबीचा तूप खाण्याशी किंवा पोट सुटण्याशी थेट संबंध नाही. सडपातळ माणसाच्या खांद्यातही ती भरते. बारीक झालेला स्नायू उपचारानंतर काही प्रमाणात सुधारू शकतो, पण एकदा भरलेली चरबी यशस्वी ऑपरेशननंतरही सहसा मागे हटत नाही.

कोणत्या तपासणीत काय दिसतं?

एक्स-रेमध्ये मुख्यतः हाडं दिसतात. खांद्याचा गोळा वर सरकलेला दिसला, तर कंडरा जुनी आणि मोठी फाटली असावी असा अंदाज येतो. सोनोग्राफीत फाटलेली जागा चांगली कळते, खर्चही कमी. मात्र स्नायूत चरबी नेमकी किती, हे ठरवायला ती कमी पडते. त्यासाठी एमआरआय जास्त उपयोगी. त्यातल्या टी-१ नावाच्या चित्रांत चरबी पांढरी आणि स्नायू करडा दिसतो.

१९९४ साली फ्रान्सचे सर्जन गुताल्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून या चरबीच्या पायऱ्या ठरवल्या. १९९९ मध्ये झ्युरिकच्या डॉक्टरांनी तीच पद्धत एमआरआयला लावून पाहिली. आज रिपोर्टमध्ये येणारा ग्रेड बहुतेक वेळा हाच असतो :

० – चरबी नाही
१ – चरबीच्या एक-दोन रेघा
२ – चरबी आहे, पण स्नायू जास्त
३ – चरबी आणि स्नायू सारखेच
४ – स्नायूपेक्षा चरबी जास्त

स्नायू किती बारीक झाला, हे वेगळं मोजतात. बाजूने घेतलेल्या चित्रात खांद्याचं पातं इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं दिसतं. त्याच्या दोन टोकांवरून एक सरळ रेघ ओढतात. निरोगी सुप्रास्पायनेटस या रेघेच्या वर येतो. तो खालीच राहिला, तर स्नायू वाळला असं समजतात. रिपोर्टमध्ये याला 'टँजंट साइन पॉझिटिव्ह' म्हणतात.

चित्रही कधी चकवतं

कंडरा खूप आत आखडली असेल, तर स्नायूचा जाड भागही आत सरकतो. मग नेहमीच्या जागी घेतलेल्या चित्रात स्नायू आहे त्यापेक्षा बारीक वाटतो. म्हणून चित्रं पुरेशी आतपर्यंत घेतलेली असावी लागतात. दुसरं म्हणजे, ग्रेड नजरेने ठरतो. दोन डॉक्टरांच्या मतात एका पायरीचा फरक पडू शकतो. त्यामुळे सर्जनकडे जाताना नुसता कागद नको, सीडी किंवा फिल्मही न्या.

वेळ का महत्त्वाची?

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात दीड हजारांहून जास्त रुग्णांचे खांदे पाहिले गेले. त्रास सुरू झाल्यापासून सरासरी तीन वर्षांनी सुप्रास्पायनेटसमध्ये मध्यम आणि पाच वर्षांनी जास्त चरबी दिसली. ही सरासरी आहे. मोठ्या फाटीत हे लवकरही होऊ शकतं.

याचा अर्थ प्रत्येक फाटलेली कंडरा शिवायलाच हवी असा नाही. उतारवयात अनेकांची कंडरा फाटलेली असते आणि त्यांना त्रासही नसतो. कित्येकांना फिजिओथेरपीने चांगला आराम पडतो. पण पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात वर जाईनासा झाला, तर मालिश करत बसू नका. काही दिवसांतच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ग्रेड ३ किंवा ४ आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शिवलेली कंडरा पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते, ताकद पूर्ण येत नाही, म्हणून डॉक्टर वेगळा विचार करतात : व्यायाम, दुसऱ्या स्नायूची कंडरा तिथे जोडणं, किंवा वयस्कर रुग्णांत रिव्हर्स पद्धतीचा कृत्रिम सांधा. वय, काम आणि दुखणं पाहूनच निर्णय होतो.

डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा : फाट किती मोठी आहे? कंडरा किती आत गेली आहे? चरबीचा ग्रेड कोणत्या स्नायूत किती? आणि आता थांबलो, तर पुन्हा तपासणी कधी? एमआरआयच्या आधी पेसमेकर किंवा अंगात कुठलाही धातू असेल, तर तेही न विसरता सांगा.

घरात कुणी महिनोन्महिने खांदा धरून बसत असेल, तर "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या. स्नायू शाबूत असेपर्यंत पर्याय जास्त असतात.