एक बाण बंद म्हणजे अख्खं मशीन बंद: डान्स मशीनची दुरुस्ती आणि तपासणीचं बिल



माझ्या दुकानात काउंटरच्या मागे फळीवर एक सर्किट बोर्ड ठेवलाय. चालू कंडिशनमध्ये आहे, पण विकायचा नाही. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी तो सगळ्यांच्या हातात देतो आणि सांगतो, "हा बोर्ड मला ९,५०० रुपयांना पडला, आणि याची गरजच नव्हती."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पुणे हायवेकडच्या एका गेम झोनच्या मालकांचा फोन आला. डान्स मशीनवर डावा बाण लागत नव्हता. मॉलमध्ये तुम्ही हे मशीन पाहिलं असेल: स्क्रीनवर बाण वर सरकतात, गाण्याच्या ठेक्यावर आपण पायाखालचे तेच बाण दाबायचे. मी तोपर्यंत यूपीएस, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर भरपूर दुरुस्त केले होते. पॅड उघडलं, दोन-चार ठिकाणी मीटर लावला आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, "काका, बोर्ड गेलाय."

सकाळची पंचवटी पकडून मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोड पालथा घातला, शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून जुना बोर्ड मिळवला. या सगळ्यात १४ दिवस गेले. बोर्ड बसवला, बाण चालला, बिल घेतलं. आणि पुढच्या रविवारी ऐन गर्दीत तोच बाण परत बंद!

खरा फॉल्ट काय होता? बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरमधली एक पिन मागे सरकली होती. बोर्ड बदलताना मी कनेक्टर काढून परत दाबला, त्यामुळे ती आठवडाभर टेकली. पोरं उड्या मारायला लागली, परत सुटली. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली असती. मी पूर्ण पैसे परत केले. पण त्यांचं जे बुडालं ते मी कुठून देणार? समजा एक डाव ६० रुपये आणि दिवसाला २५ डाव. म्हणजे रोजचे १,५०० आणि १४ दिवसांचे २१,०००. माझ्या बिलाच्या दुपटीहून जास्त!

म्हणून आजचा विषय: हे मशीन आतून कसं असतं, फॉल्ट कसा शोधायचा, आणि शोधण्याचे पैसे कसे मागायचे.

मशीन आतून कसं असतं?

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आणलं. त्यात प्रत्येक खेळाडूला चार बाण. १९९९ मध्ये कोरियाच्या अँडामिरोने 'पंप इट अप' आणलं. त्यात चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, असे पाच. २००१ मध्ये नामकोचं ढोलवालं 'ताइको नो तात्सुजिन' आलं. ढोलात पायाच्या सेन्सरऐवजी ठोक्याची कंपनं ओळखणारे पिएझो सेन्सर असतात. पण ठोका, सेन्सर, वायर, बोर्ड, कॉम्प्युटर, स्क्रीन ही साखळी सगळीकडे तीच.

डान्स पॅडमध्ये बाणाच्या जाड पॅनलखाली चार बाजूंना चार पट्टीसारखे सेन्सर असतात. पट्टीवर दाब नसताना मीटरवर खूप मोठा रेझिस्टन्स दिसतो, दाब दिला की तो झपकन उतरतो. चारपैकी एकानेही दाब ओळखला की बाण लागला. हिशेब करा: चार बाणांच्या मशीनमध्ये एका खेळाडूचे १६ सेन्सर, दोघांचे ३२. पाच बाणांच्या मशीनमध्ये दोघांचे ४०. या सगळ्यांच्या वायरी पॅडमधल्या बोर्डावर येतात आणि तिथून एक केबल वरच्या कॅबिनेटमध्ये जाते. वर मुख्य बोर्ड किंवा कॉम्प्युटर, ५ आणि १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, अँप्लिफायर, स्क्रीन आणि कॉइन किंवा कार्डची जोडणी.

हत्यार हातात घेण्याआधी

पहिलं, व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानी मशीन १०० व्होल्टवर चालतं, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो बाजूला ठेवून कुणी थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावलं की पॉवर सप्लाय गेलाच समजा. दुसरं, अर्थिंग तपासा. लोखंडी पॅडवर घामेजलेल्या पायांनी लहान पोरं नाचतात, इथे 'चालतंय की' चालणार नाही. तिसरं, जुन्या मशीनमध्ये काचेची पिक्चर ट्यूब असेल आणि तुम्ही ते काम शिकला नसाल, तर मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

फॉल्ट शोधायचा क्रम

१. आधी टेस्ट मेन्यू. कॉइनच्या दाराआड सर्व्हिस किंवा टेस्ट बटण असतं. इनपुट टेस्ट उघडा, एक-एक बाण दाबा आणि वहीत लिहा.

२. किती बंद आहे ते बघा. बाण एका कडेला लागतो, दुसऱ्या कडेला नाही? मग त्या बाजूच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर संशय. बाणाचे चारही सेन्सर एकदम गप्प? चार पट्ट्या एकाच दिवशी मरत नाहीत. मग जिथे चौघांच्या वायरी एकत्र येतात तो कनेक्टर आधी बघा, बोर्ड नंतर. अख्खं पॅड बंद? मग सप्लाय किंवा मुख्य केबल. चार वर्षांपूर्वी माझ्यासमोर चारही सेन्सर गप्प होते, आणि मी कनेक्टर सोडून थेट बोर्डावर उडी मारली.

३. अदलाबदल करा. मशीन बंद करून, शक्य असेल तर दोन बाणांचे प्लग आपसात बदला. फॉल्ट प्लगबरोबर दुसऱ्या बाणावर गेला तर दोष पॅडच्या बाजूला, म्हणजे सेन्सर, वायर किंवा खुद्द प्लगमध्ये. जागेवरच राहिला तर बोर्डाच्या बाजूला. याला एक रुपया लागत नाही.

४. हलवून बघा. पॅनल उघडून शांतपणे मीटर लावला की सगळं छान दिसतं. हे मशीन उड्यांवर चालतं. टेस्ट मेन्यू चालू ठेवा, कुणाला तरी जोरात नाचायला सांगा. लूज कॉन्टॅक्ट तेव्हाच सापडतो.

५. साफसफाई आणि उंची. बाण न दाबता लागलेलाच राहत असेल तर पॅनलखाली कचरा किंवा ओल असते, नाहीतर पॅनल वाकलेलं असतं. पावसाळ्यात ओल्या चपला घेऊन लोक चढतात, त्यामुळे जूनपासून ही तक्रार वाढते. उलट फार जोराने दाबावं लागत असेल तर पॅनल आणि सेन्सरमध्ये फट पडलीये. पातळ फोम किंवा व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून ती भरता येते. एका वेळी एकच थर द्या आणि परत टेस्ट करा.

आणि एक फॉल्ट असा, जो फॉल्टसारखा दिसतच नाही. जुनी स्क्रीन गेली म्हणून मालक घरचा मोठा टीव्ही लावतात. चित्र झकास, पण खेळणारा म्हणतो, "मी बरोबर दाबतोय तरी मिस दाखवतंय." सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्र सजवण्यात तीन-चार फ्रेम घालवल्या की बाण ५० ते ६७ मिलिसेकंद उशिरा दिसतो. सिनेमात कळणार नाही, ठेक्याच्या खेळात लगेच कळतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा. तरी जमलं नाही तर कमी विलंबाचा मॉनिटर लावायला सांगा. सेन्सर बदलून उपयोग नाही.

आता बिलाचं बोलू

आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, तपासणीचे द्यायला कुरकुरतं. म्हणून मेकॅनिकलाही पार्ट बदलायचा मोह होतो. माझंही तेच झालं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, पण 'बोर्ड बदलला' याचं बिल मागणं सोपं वाटत होतं. 'पिन बसवली' याचे किती मागणार?

आता पद्धत बदललीये. तपासणी फी वेगळी आणि आधी सांगितलेली. तपासणीनंतर लेखी कागद: काय बंद आहे, कशावरून ठरवलं, खर्च किती, दिवस किती. पार्ट बदलला तर जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. आणि दुरुस्तीनंतर पंधरा मिनिटं सलग कुणीतरी नाचल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत.

या जूनमध्ये त्याच काकांचा परत फोन आला. चार वर्षांनी! मी मुद्दाम गेलो नाही. जेल रोडचा माझा एक विद्यार्थी आहे, आयटीआय झालेला, त्याला एकट्याला पाठवलं. उजवा बाण बंद, चारही सेन्सर गप्प. त्याने कनेक्टर उघडला, हिरवी पडलेली पिन नवीन क्रिम्प केली, बाकीच्या पिना साफ केल्या. दीड तासात मशीन चालू.

काका त्याला म्हणाले, "एवढ्याशा पिनेचे एवढे पैसे?" पोरगं गडबडलं नाही. त्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, "काका, पिनेचे वीस रुपये आहेत. बाकीचे ती शोधण्याचे." काकांनी कागद दोनदा वाचला, पैसे दिले आणि जाताना विचारलं, "दर महिन्याला येऊन बघायचे किती घेशील?"

तो करार आता त्या पोराच्या नावावर आहे. त्याचं पहिलं महिन्याचं बांधलेलं उत्पन्न.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा धंदा मिक्सर दुरुस्तीचा असो, मोबाइलचा की आरओचा, तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी एक तक्रार घ्या. तिची साखळी कागदावर काढा आणि प्रत्येक कडीपुढे एक तपासणी लिहा. तो कागद दुकानात भिंतीवर लावा. पुढच्या वेळी 'पार्ट गेलाय' म्हणायच्या आधी एकदा तिकडे बघा.