डोळ्याची लांबी आणि मैदानाचा उजेड

आमच्या शाळेत कॅडेटला मोबाइल ठेवता येत नाही, हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे ‘स्क्रीन टाइम’वर तू काय लिहिणार, असं हाउसमधल्या एकाने मला विचारलं. माझं उत्तर असं की आमचं वर्ष दोन तुकड्यांत जातं. सत्र चालू असताना पहाटे पीटी आणि संध्याकाळी गेम्स; सुट्टीत घरी गेलो की सोफा, चार्जर आणि मोबाइल. शरीर एकच, प्रयोग दोन. शिवाय आमच्यातल्या बहुतेकांना एनडीएला जायचं आहे. तिथे लेखी परीक्षा आणि एसएसबी पार केल्यावरही वैद्यकीय तपासणी उरतेच. मला वैमानिक व्हायचं आहे आणि त्या शाखेचे दृष्टीचे निकष फार कडक आहेत. म्हणून डोळ्यापासूनच सुरुवात करतो.

जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर दिसणं म्हणजे निकटदृष्टिता. बरेच जण समजतात की डोळे ‘दमले’ म्हणून नंबर लागतो. तसं नसतं. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो आणि मोठ्या माणसाचा सुमारे 24. या वाढीत डोळा गरजेपेक्षा जास्त लांबला, तर प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या पुढेच पडते. फक्त 1 मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबरचा चष्मा! आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्मा प्रतिमा जागेवर आणतो, एवढंच. लेसर शस्त्रक्रियाही डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलते, लांबी तशीच राहते. ती साधारणपणे नंबर स्थिर झाल्यावर, वयाच्या 18 नंतर करतात. एनडीएच्या प्रवेशाचं वय मात्र साडेसोळापासून सुरू होतं. नंबर उणे सहाच्या पुढे गेला तर पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही वाढतो.

मग डोळा जास्त का लांबतो? आईवडिलांना चष्मा असेल तर शक्यता वाढते. तासन् तास जवळचं पाहिल्यानेही वाढते, आणि त्यात पुस्तकही आलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मोबाइल आपण पुस्तकापेक्षाही जवळ धरतो आणि पान उलटण्यापुरतीही नजर वर जात नाही. पापण्यांची उघडझापही कमी होते, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

मला सर्वांत नवल वाटलं ते उजेडाचं. वर्गातला चांगला प्रकाश 300 ते 500 लक्स असतो. बाहेर भर उन्हात तो 1 लाख लक्सपर्यंत जातो आणि झाडाच्या सावलीतही काही हजार असतो. आपली नजर जुळवून घेते, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन जास्त तयार होतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं शास्त्रज्ञ मानतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या 12 प्राथमिक शाळांत याची परीक्षा झाली. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा जादा मैदानी तास दिला. तीन वर्षांनंतरच्या तपासणीचा निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. जादा तास नसलेल्या शाळांत 39.5 टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती, तास असलेल्या शाळांत 30.4 टक्के. म्हणजे फायदा खरा आहे, पण जादू नाही. चष्मा लागण्याआधी तो जास्त दिसतो, लागल्यानंतर कमी.

आता बसण्याविषयी. परेडवर बराच वेळ सावधानमध्ये उभं राहिल्यावर कोणाला तरी चक्कर येते, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. उस्ताद म्हणतात, “बुटात पंजे हलवत राहा.” यामागे शास्त्र आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. ते हलले नाहीत तर रक्त पायातच साचतं. खुर्चीत तीन तास गेम खेळणाऱ्याची पोटरीही तशीच बंद असते. फरक इतकाच की तो पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

बैठ्या कामावरचा एक प्रसिद्ध अभ्यास 1953 मध्ये प्रकाशित झाला. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ते तेच; पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं देत जिने चढत-उतरत असलेला. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. (आपल्या एसटीत वरचा मजला नाही, पण गर्दीतून पुढे-मागे जाणारा कंडक्टर आठवून पाहा.) जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. सत्रात आपण ती नाश्त्याआधीच संपवतो. घरी मात्र बूट पायात चढतच नाहीत, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या क्रॉस-कंट्रीला कोण धापा टाकतं ते सर्वांना दिसतं.

पालकांपैकी ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांच्यासाठी: त्याच संघटनेच्या मते एक वर्षाखालील बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि 2 ते 4 वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको. जेवण भरवताना लावलेला व्हिडिओही त्यात मोजायचा.

हे सगळं मी वाचायला लागलो ते माझ्या धाकट्या भावामुळे. बाबांची बदली सध्या झाशीला आहे आणि तो तिथे पाचवीत शिकतो. दोन वर्षांत त्याचा नंबर उणे एकवरून उणे अडीच झाला. “दादा, मलापण विमान चालवायचंय,” असं तो रविवारच्या फोनवर अजून सांगतो आणि मी लगेच काही बोलू शकत नाही. डॉक्टरांनी त्याला रात्री घालायचे थेंब दिले आहेत आणि रोज दोन तास बाहेर राहायला सांगितलं आहे. थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून शाळेतून आल्या आल्या त्याला कॉलनीच्या मैदानावर पाठवायचं असं आईने ठरवलं आहे. गृहपाठ नंतर, मोबाइल त्याच्याही नंतर. तिथल्या मुलांनी त्याला विकेटकीपर केलंय. पुढची तपासणी मे महिन्यात आहे, तेव्हा मीही सुट्टीवर घरी असेन.